किट परवडतं हो, त्याच्या मागून येणारं नाही परवडत

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या विमान-रणगाड्यांच्या छोट्या प्लास्टिकच्या प्रतिकृती, बनवणाऱ्या माणसाला खर्च विचारला की तो किटची (सुट्या पार्टच्या बॉक्सची) किंमत सांगतो आणि विषय बदलतो. कारण किट हा त्यातला सगळ्यात गरीब खर्च. साधं १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तर पट लहान विमान घेतलं तरी निपर (छोटा कटर) लागतो (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात त्या स्प्रूवरून हाताने पिळून काढले की खड्डे पडलेच म्हणून समजा), मग हॉबी नाईफ, पातळ सिमेंट, पुटी, सँडिंग स्टिक, प्रायमर, थिनर, आणि रंग तर काय, आपल्याकडे शंभर बाटल्या असू देत, नव्या मॉडेलला नेमकी नसलेलीच शेड लागते. त्यात कुणीतरी एअरब्रशचं, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाचं, डोक्यात भरवून देतं. तो एकटा येतच नाही, कंप्रेसर, मॉइश्चर ट्रॅप, स्प्रे बूथ, मास्क असं अख्खं वऱ्हाड घेऊन येतो.

प्लास्टिकच्या तुकड्यांना एवढे पैसे कशाला, असं घरचे म्हणतात. पैसे प्लास्टिकचे नसतातच, स्टीलचा मोल्ड, म्हणजे साचा, कोरायचे असतात. तो एकदा बनला की पार्ट काढायला फार खर्च नाही, म्हणून कंपन्या जुने मोल्ड नव्या बॉक्समध्ये घालून वर्षानुवर्षं खपवतात. वर चित्र झकास आणि आत जाडजूड पार्ट, सांध्यात फट. म्हणून घेण्याआधी मोल्ड कोणत्या सालचा ते बघाच, बॉक्सवरच्या सालावर जाऊ नका.

जागेचा खर्च तर कुणी धरतच नाही. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे पंख खऱ्यात टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये साधारण साडेपंधरा सेंटीमीटर, पण १/३२ मध्ये तेच ३५. अशी चार विमानं झाली की कपाट संपलं. रणगाडेवाल्यांचं १/३५ तर गंमतच आहे, टामिया या जपानी कंपनीने पँथर रणगाड्याचं किट काढलं तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून तो साइज ठरला, आणि आज त्याच आकड्यावर अख्खी इंडस्ट्री चालते.

मग एवढं करून मिळतं काय? माझ्यासाठी तरी वॉश. ग्लॉस कोट वाळला की पातळ गडद रंगाचा एक थेंब पॅनल लाइनला, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेषेला टेकवायचा, तो आपोआप रेषेतून धावत सुटतो आणि खेळण्यासारखं दिसणारं प्लास्टिक एकदम पत्र्याचं वाटायला लागतं. डेकलचंही (पाण्यात भिजवून लावायच्या खुणांच्या स्टिकरचंही) तसंच, तो मऊ करणारा सॉफ्टनर लावला की तो असा काही सुरकुततो की गेला कामातून असं वाटतं, हात लावायचा मोह आवरायचा फक्त, थोड्या वेळाने तो रिव्हेटवर असा चिकटून बसतो की रंगवलाय की काय वाटावं.

आणि स्टॅश, म्हणजे न उघडलेल्या बॉक्सचा ढीग. लोक त्याची लाज बाळगतात, मला ते पटत नाही. किट जमवणं आणि किट बनवणं हे सरळसरळ दोन वेगळे छंद आहेत, पहिल्याला फक्त पैसे लागतात, दुसऱ्याला वेळ, आणि दोन्ही एका वेळी कुणाकडे असतात? शिवाय एखादं किट प्रॉडक्शनमधून गेलं की परत कधी येईल सांगता येत नाही, आलं नाही तर सेकंडहँडवाले दाबून भाव लावतात, त्यामुळे दिसलं की उचलायचं हे अगदीच वेडेपणाचं नाही.

नवीन कुणी सुरू करत असाल तर एका इंजिनचं छोटं १/७२ चं विमान घ्या, ब्रशनेच रंगवा. एअरब्रशचा विचार दुसरं किट पूर्ण झाल्यावर. पूर्ण झाल्यावर म्हणतोय, विकत घेतल्यावर नाही.