देवगडच्या वाचनालयात एका पत्त्यावर दोन दालनं

कणकवलीला उतरलो तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. सॅकमध्ये रास्पबेरी पाय (खिशात मावणारा संगणक), छोटा यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड. तिथून देवगडची एसटी, पुढे फाट्यावरून रिक्षा. ज्या 'क' वर्गाच्या वाचनालयात निघालो होतो, तिथली इंटरनेट जोडणी कधीच बंद पडली आहे, राउटर तेवढा उरलाय. त्याच राउटरच्या वायफायवर मुलांना मराठी विकिपीडिया आणि स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं मोबाइलवर वाचता यावीत, एवढ्यासाठी ही खेप.

सगळं घरी लावून, तपासून नेलं होतं. इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवायला किविक्स हे ॲप, ई-पुस्तकांसाठी कॅलिबर-वेब, दोघांच्या पुढे प्रॉक्सी म्हणून, म्हणजे आलेली मागणी योग्य ॲपकडे पोचवायला, इंजिनएक्स. घरी माझा स्वतःचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सोय) आहे, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं सबडोमेन, म्हणजे स्वतःचं नाव. वाचनालयातल्या राउटरवर नावं जोडायची सोयच नव्हती. ग्रंथपाल काकू खडू हातात घेऊन उभ्या. "फळ्यावर काय लिहू?" डीएनएसशिवाय चालणारी '.लोकल' नावं जुन्या अँड्रॉइड फोनना कळत नाहीत. उरला आयपी पत्ता, आणि आयपीला सबडोमेन जोडता येत नाही. म्हणजे एकच पत्ता, पुढे स्लॅश, आणि त्यापुढे दालनाचं नाव. आयपी राउटरमध्ये पायच्या नावावर राखून ठेवला, नाहीतर उद्या तो बदलला की फळा खोटा.

आधी सगळे करतात तेच केलं. इंजिनएक्सच्या सेटिंगमध्ये लोकेशनपुढे पुस्तकांचा उपमार्ग, म्हणजे स्लॅशपुढचं नाव, लिहिला, मागणी कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या प्रॉक्सी पास या ओळीच्या शेवटी स्लॅश दिला आणि रीलोड केलं. पान आलं, पण अगदी बोडकं: रंग नाही, मुखपृष्ठं नाहीत, निळ्या लिंकांची एकाखाली एक रांग. लॉगिनवर टिचकी मारली की ४०४, म्हणजे पान सापडत नाही.

त्या शेवटच्या स्लॅशमुळे इंजिनएक्स उपमार्ग कापतं आणि उरलेला पत्ता ॲपला देतं. ॲपची समजूत अशी की आपण मुळावरच, म्हणजे नुसत्या आयपीवर, बसलोय. म्हणून पानात स्टाइलशीटचा (रंगरूपाच्या फाइलचा) पत्ता '/स्टॅटिक'पासून सुरू होतो, ब्राउझर तो मुळावर शोधायला जातो आणि तिथे कुणीच नसतं. जाताना कापलेला उपमार्ग परत येणाऱ्या लिंकांना कोणी जोडत नाही. काही जण इंजिनएक्सचा सब-फिल्टर लावून पानातला मजकूरच बदलतात. मी ते करणार नाही. जावास्क्रिप्टने तयार होणारे पत्ते त्यातून निसटतात, आणि ॲपने जीझिपने आवळून पान पाठवलं तर फिल्टरला काहीच सापडत नाही. आपण कुठे राहतो हे ॲपलाच सांगायला हवं.

कॅलिबर-वेबला ते एक्स-स्क्रिप्ट-नेम या हेडरमधून, म्हणजे मागणीसोबत जाणाऱ्या चिठ्ठीतून, कळतं. त्यात उपमार्ग लिहा: सुरुवातीला स्लॅश, शेवटी नाही. सोबत मूळ होस्ट हेडरही (ब्राउझरने मागितलेला पत्ता) पाठवा. किविक्सला हेडर लागत नाही, तो सुरू करतानाच यूआरएल-रूट-लोकेशन हा पर्याय द्यायचा. मग त्याला उपमार्गासकट अख्खा पत्ता हवा असतो. कॅलिबर-वेब उपमार्ग स्वतःच वेगळा करून घेतं. म्हणून दोन्हीकडे प्रॉक्सी पासचा शेवटचा स्लॅश काढून टाकला. पान रंगासकट उघडलं तेव्हा काकूंनी खुर्ची ओढून शेजारी घेतली.

दुपार मात्र भलत्याच गोष्टीत गेली. नुसता आयपी टाकणाऱ्याला पुस्तकांकडे पाठवायला मी ३०१ लावला होता. नंतर तिथे दोन्ही दालनांच्या लिंका असलेलं साधं पान ठेवलं, तरी काकूंचा फोन पुस्तकांकडेच जाई. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ब्राउझर ते लक्षात ठेवतो. चाचणी संपेपर्यंत ३०२ (तात्पुरतं स्थलांतर) वापरा, तपासायला खासगी विंडो उघडा, आणि कर्ल या कमांडने फक्त हेडर मागवून त्यातली लोकेशनची ओळ, म्हणजे ब्राउझरला पुढे कुठे पाठवलंय ते, वाचा. उपमार्ग कुठे गळतोय ते तिथे लगेच दिसतं.

काकूंनी स्कॅन केलेलं पुस्तक चढवून पाहिलं तर ४१३, म्हणजे फाइल फार मोठी. इंजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. ही मर्यादा ठरवणारी क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ वाढवली. कॅलिबर-वेबचा मूळ पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक आहे, ॲप वायफायवर यायच्या आधीच तो बदला.

गावातल्या मुलांना पालखीचे फोटो ठेवायला इमिच हे फोटोंचं ॲपही हवं होतं. ते उपमार्गावर चालतच नाही, त्यांच्या माहितीपत्रात तसं स्पष्ट लिहिलंय. अशा ॲपशी झटापट करू नका, सरळ वेगळा पोर्ट (पत्त्यापुढचा क्रमांक) द्या.

जाणाऱ्यांनी कंटेनर (ॲपचे तयार गठ्ठे), विकिपीडियाची फाइल, सगळं घरूनच उतरवून न्यावं. तिथे मोबाइलची रेंज खिडकीपाशीच येते. उपमार्गांची नावं छोटी आणि रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी चालते, पण कॉपी केली की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. परतीच्या एसटीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

संध्याकाळी चारच्या सुमारास लाइट गेली. यूपीएसवर पाय आणि राउटर चालूच राहिले. फळ्याखालच्या बाकावर सातवीतली एक मुलगी मोबाइलवर 'विजयदुर्ग' शोधून वाचत बसली होती, आणि काकू पत्त्याच्या खाली खडूने दुसरी ओळ लिहीत होत्या.