ऊसतोडीहून पोरं परत आली
आज ऊसतोडीहून परतलेली पाचवीची तीन पोरं वर्गाच्या दारातच घुटमळत होती. "आलात का हिंडून?" एवढं एक वाक्य कानावर पडलं की ती मागच्या बाकावर जातात, ती तिथलीच होतात. अहो, हिंडायला नव्हती गेली ती! दिवाळीच्या आगेमागे गेलेलं पोर मार्चात येतं, तोवर अपूर्णांक शिकवून झालेले असतात.

पहिल्या दिवशी परीक्षा नकोच. एक उतारा वाचून घ्या, हातच्याच्या दोन वजाबाक्या द्या. दहा मिनिटांत कळतं कुठं अडलंय. मग रोज अर्धा तास फक्त तेवढंच. आज एकानं 52 − 27 चं उत्तर 35 लिहिलं. सातातून दोन वजा केले. मग विचारलं, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) 52 पेंढ्या, 27 विकल्या, उरल्या किती? क्षणात म्हणाला, 25. त्याला वजाबाकी येते, हातचा मांडता येत नाही. 'ढ' म्हटलं असतं तर हे दिसलंच नसतं.

आणि कारखान्याकडच्या शाळांनो, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अडवू नका. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5 : दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गावाकडच्या गुरुजींनी शिक्षण हमी पत्रकासोबत (बाहेरगावी जाणाऱ्या पोराला तिथल्या शाळेत दाखवायला मिळतं ते) पोर कुठल्या धड्यापर्यंत आलंय, हेही लिहून द्यावं.