ज्यांनी कर्ज फेडले, त्यांचा आक्षेप

अमेरिकेत शैक्षणिक कर्जमाफीचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही पोटाला चिमटा काढून कर्ज फेडले, मग यांचे सरकारने का फेडावे? महाराष्ट्रात शेतकरी कर्जमाफीच्या वेळी नियमित हप्ते भरणाऱ्यांनी हेच विचारले होते आणि पुढे त्यांच्यासाठी ५० हजार रुपयांपर्यंतचे प्रोत्साहनपर अनुदान जाहीर करावे लागले.

ऑगस्ट २०२२ मध्ये बायडेन सरकारने १० हजार डॉलरपर्यंत, आणि गरीब विद्यार्थ्यांसाठीचे पेल अनुदान घेतलेल्यांना २० हजार डॉलरपर्यंत माफी जाहीर केली. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. तोवर लोकमत पक्षांनुसार दुभंगले होते, आणि तरुणांचा कल मात्र बराचसा माफीकडे होता.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने मला आपल्या कर्जखात्याचा उतारा दाखवला. उत्पन्नानुसार ठरलेला तिचा हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरत नव्हता, त्यामुळे कित्येक वर्षे नियमित पैसे भरूनही बाकी रक्कम मूळ कर्जापेक्षा मोठी झाली होती. दिवाळखोरीतही हे कर्ज सहसा सुटत नाही, त्यासाठी असह्य हलाखी न्यायालयात सिद्ध करावी लागते. अशा माणसाला फुकटखाऊ म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिने घेतले त्याहून कमी फेडले असे नाही, तिचे पैसे व्याजातच जिरले.

सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत १२० हप्ते भरणाऱ्यांचे उरलेले कर्ज माफ करण्याचे वचन तर २००७ च्या कायद्यातच आहे. तरीही सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ सगळे अर्ज नाकारले गेले. नियम सुधारल्यावर २०२४ पर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांना हा लाभ मिळाला. ही खैरात नव्हे, कराराची पूर्तता आहे, आणि कर्जमाफीच्या समर्थकांनी हे उदाहरण सर्वांत आधी पुढे ठेवायला हवे होते.

कॉलेजची पायरीही न चढलेल्या कामगाराचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पदवीधर सरासरीने त्याच्याहून अधिक कमावतात आणि माफीचा भार त्याच्या करावरही पडतो. शिवाय एकदाच दिलेल्या माफीने कॉलेजची फी कमी होत नाही. त्याची मुलगी पुढच्या वर्षी प्रवेश घेईल, तेव्हा तिलाही तेच कर्ज काढावे लागेल.