७१व्या मिनिटाचे उत्तर

ज्याने जर्मनीकडून एकही करंडक जिंकला नाही, त्या जर्मन फुटबॉलपटू मिखाएल बालाकची बाजू मी इतकी वर्षे का घेतो, आणि २००२ च्या विश्वचषकातला उपांत्य सामन्याचा तो फाउल त्याला टाळता आला नसता का, हे मला इतक्या वेळा विचारले गेले आहे की तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

हुकलेल्या करंडकांची यादी तुम्हाला पाठ आहे. मात्र चार बुंडेसलिगा (जर्मन लीग) आणि एक इंग्लिश प्रीमियर लीग नावावर असलेल्या खेळाडूला ‘कायम दुसरा’ म्हणणे हा अन्याय आहे. त्यातले १९९८ चे पहिले विजेतेपद तर नुकत्याच वरच्या श्रेणीत आलेल्या कायझर्सलाउटर्नकडून मिळाले होते.

आता तो फाउल. २५ जूनला सोलमध्ये यजमान दक्षिण कोरियाविरुद्ध सामना गोलशून्य होता. बालाकच्या नावावर आधीच्या सामन्यातले एक पिवळे कार्ड होते आणि दुसरे मिळाल्यास अंतिम सामना हुकणार होता. ७१व्या मिनिटाला कोरियाचा ली चुन-सू चेंडू घेऊन थेट पेनल्टी क्षेत्राकडे निघाला आणि बालाकने मागून पाय घालून त्याला पाडले. पंचांनी कार्ड काढले, तेव्हा कोल्हापुरात टीव्हीपुढे बसलेल्या आम्हा सगळ्यांना त्याचा अर्थ कळला होता, आणि कोणीच काही बोलले नाही. पुढे चारच मिनिटांनी सहकारी नॉयव्हिलने उजवीकडून चेंडू मागे दिला. बालाकचा पहिला फटका गोलरक्षकाने अडवला, पण परत आलेला चेंडू त्याने डाव्या पायाने जाळ्यात मारला. जर्मनी १–० ने जिंकली. ज्या सामन्यात आपल्याला खेळता येणार नाही हे ठाऊक होते, त्या सामन्यापर्यंत त्याने संघाला पोहोचवले, आणि म्हणूनच मी त्याची बाजू घेतो.

त्या काळी मी याला त्याग म्हणत असे. आज तो शब्द मला जड वाटतो. मी स्वतः कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाकडून मध्यफळीत खेळलो आहे. मागून पाय घालावा लागतो तेव्हा कुठेतरी अर्धे पाऊल उशीर झालेला असतो, आणि त्या क्षणी कोणी त्यागाचा विचार करत नाही. प्रशिक्षक रुडी फेलर यांनी त्याचे जाहीर कौतुक केले, तरी तो उशीर पुसला जात नाही. पण न पाडता ली चुन-सू पुढे गेला असता तर काय झाले असते, हेही मला कोणी खात्रीने सांगू शकलेले नाही.

‘तो असता तर योकोहामातल्या अंतिम सामन्यात ब्राझील हरले असते’ हेही मी वर्षानुवर्षे ठासून सांगत आलो. ते मी मागे घेतो. त्याच्या जागी आलेला येरेमीस कमी पडला नव्हता, आणि ब्राझीलच्या रिवाल्डोचा फटका जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानच्या हातून सुटून रोनाल्डोपुढे पडला, तो बालाक मैदानात असूनही सुटला असता. अंटरहाखिंग क्लबविरुद्धचा स्वयंगोलही मी नाकारत नाही; २००० साली त्याच्या लेव्हरकुसेन क्लबला बुंडेसलिगा जिंकायला शेवटच्या सामन्यात केवळ बरोबरी हवी होती आणि सुरुवातीलाच त्याने चेंडू आपल्याच जाळ्यात घातला. मात्र २०११ मध्ये ९८ सामने आणि ४२ गोलांनंतर जर्मन फुटबॉल मंडळाने देऊ केलेला निरोपाचा सामना त्याने नाकारला, त्याला अहंकार म्हणायला मी आजही तयार नाही. अर्थात, तो स्वीकारला असता तर त्याची किंमत कमी झाली असती, असेही मला सिद्ध करता येत नाही.

पुढे नियम बदलला. उपांत्यपूर्व फेरीनंतर एकेरी पिवळी कार्डे रद्द होऊ लागली, म्हणजे सोलमधल्या त्या कार्डाने आज त्याचा अंतिम सामना गेला नसता. हा नियम २०१० च्या विश्वचषकात लागू झाला. पण त्या मे महिन्यात इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात पोर्टस्मथ क्लबच्या बोआटेंगच्या टॅकलने जर्मनीचा कर्णधार असलेल्या बालाकचा घोटा जायबंदी झाला होता, आणि दक्षिण आफ्रिकेत जर्मनीची कर्णधाराची पट्टी फिलिप लामच्या दंडावर होती.