नवऱ्याच्या गृहकर्जात माझं नाव लावताना

फ्लॅट नवऱ्याने लग्नाआधी घेतलेला. त्यामुळे घर त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर. लग्न झाल्यापासून हप्त्याचे अर्धे पैसे मात्र माझ्या पगारातून जात होते. कर्जाची बरीच वर्षं अजून शिल्लक आहेत, तेव्हा घरातही आणि कर्जातही दोघांची नावं लावून घेऊ, असं आमचं ठरलं. त्यात वाद नव्हता, भांडण नव्हतं, कुणाची हरकत नव्हती. तरीही बँकेने आम्हाला इतकं झुलवलं, की त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाची अशी फरफट होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे सांगते, कारण माझ्या शाळेतल्या दोन-तीन शिक्षिकांचाही याबाबत गैरसमज होता. कर्जात नाव लागलं म्हणून घरात नाव लागत नाही. सहकर्जदार झालात म्हणजे फेडायची जबाबदारी अंगावर घेतलीत, एवढंच. हप्ते थकले तर बँक तुमच्याही मागे लागते आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचाही बिघडतो. मालकी येते ती नोंदणी केलेल्या दस्तानेच. बँका सहमालकाला सहसा सहकर्जदार करून घेतातच, पण सहकर्जदाराला मालक करणं त्यांच्या हातात नसतं. नुसत्या कर्जाच्या कागदांवर सह्या करून 'आता घर दोघांचं' असं समजणाऱ्या बायकांना मला कळकळीने सांगायचंय, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढून त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा.

नवऱ्याने बायकोला घराचा हिस्सा द्यायचा तर आपल्याकडे सरळ मार्ग बक्षीसपत्राचा, म्हणजे मोबदला न घेता हिस्सा देण्याच्या नोंदणीकृत दस्ताचा. २०१५ पासून महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा, आणि तो हिश्श्याच्या बाजारमूल्यावर निघतो, त्यामुळे रक्कम हजारांत जाते. ती आधीच काढून ठेवा. इथपर्यंत आमच्या वकिलांनी एका बैठकीत समजावलं. म्हणाले, घर बँकेकडे तारण आहे, मूळ करारनामा त्यांच्याकडे आहे, तेव्हा बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणा, पुढचं दोन दिवसांचं काम.

आणि इथेच गाडी रुतली.

शाखेतले अधिकारी म्हणाले, "आधी मॅडमचं नाव घरावर आणा, मग को-बॉरोअर करू. मालक नसलेल्या माणसाला आम्ही कर्जात कसं घेणार?" ठीक. घरावर नाव आणायला एनओसी द्या म्हटलं, तर तो अर्ज गेला कर्जाच्या प्रोसेसिंग सेंटरला. तिथून उत्तर आलं, ज्या व्यक्तीचं कर्जात नाव नाही तिला तारण मालमत्तेत हिस्सा द्यायला एनओसी देता येत नाही, आधी त्यांना को-बॉरोअर करून घ्या. शाखेला हे दाखवलं तर शाखा म्हणाली सेंटरला विचारा. सेंटर म्हणालं, ग्राहकाने शाखेमार्फतच यायचं असतं. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर बोलत होती, आणि दोघांचं मिळून आमचं काम अशक्य होत होतं. हे दोघांपैकी कुणी एकमेकांना फोन करून सोडवावं, तर तसं कुणालाच वाटत नव्हतं. "फाईल वर पाठवलीय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की फोन उचलणाऱ्याने तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू यायचं.

मध्येच अधिकारी बदलले. नव्यांनी फाईल पहिल्या पानापासून उघडली. माझ्या पगाराच्या स्लिपा जुन्या झाल्या म्हणून नव्या मागितल्या. आमच्या शाळेचा पगार शालार्थमधून होतो, स्लिप ऑनलाइन निघते, पण बँकेला त्यावर मुख्याध्यापिकांची सही आणि गोल शिक्का हवाच होता. बाईंनी पुन्हा सह्या दिल्या, तोवर सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जुनं झालं.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. अर्ज माझ्या नावासाठी, फॉर्म सोळा माझा, पॅन माझं, समोर बसलेली मी. आणि बोलणं सगळं नवऱ्याशी. एकदा मी एकटी गेले तर "सरांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो" असं उत्तर मिळालं. मी तिथेच बसून राहिले आणि म्हटलं, मी समजून घ्यायला आलेय, सांगा. त्या दिवशी निदान फाईल कुठल्या टेबलावर आहे एवढं तरी कळलं.

शेवटी एनओसी आली. बँकेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. आम्ही आनंदाने वकिलांकडे नेली. त्यांनी वाचता वाचता तिसऱ्या ओळीवर पेन टेकवलं. 'सदर कर्जाची संपूर्ण परतफेड झाल्यानंतर हस्तांतरणास बँकेची हरकत नाही.' कर्ज फिटल्यावर बँकेची परवानगी मागायला कोण जाणार होतं? एवढे दिवस थांबून हा कागद हातात आला, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

यातून सुटका झाली ती वकिलांच्या एका कल्पनेमुळे, आणि माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात तेवढीच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. त्यांनी दोन मागण्या एकाच अर्जात घालायला लावल्या. एक, पत्नीला सहकर्जदार म्हणून मंजुरी द्यावी, बक्षीसपत्राची नोंदणी होण्याच्या अटीवर. दोन, अविभक्त अर्ध्या हिश्श्याच्या बक्षीसपत्राला एनओसी द्यावी, बँकेचा बोजा, म्हणजे घरावरचा कर्जाचा हक्क, जसाच्या तसा राहील आणि नोंदणी झालेला मूळ दस्त बँकेत जमा होईल या अटीवर. सोबत बक्षीसपत्राचा मसुदाच जोडला. त्यात स्पष्ट कलम होतं की पत्नी हा हिस्सा बँकेच्या बोजासह स्वीकारते आहे. बँकेचं यात काहीच जात नव्हतं. तारण तेच राहत होतं आणि फेडणारा पगार एकाच्या जागी दोघांचा येत होता. अर्जावर दोघांच्या सह्या केल्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच द्यायला काउंटरवरच्या मुलाने टाळाटाळ केली, पण मी शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही.

त्याच दिवशी तोच अर्ज बँकेच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवरही पाठवला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत बँकेकडे लेखी तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं. ईमेलमध्ये आवाज चढवला नाही, फक्त ती ३० दिवसांची मुदत कधी संपते ती तारीख शेवटी लिहिली. मुदत संपायच्या आतच सेंटरमधून फोन आला, आणि या वेळी तो मला आला. मंजुरीचं पत्र आणि नीट शब्दांतली एनओसी दोन्ही एकदम मिळाली. इतके महिने जे 'नियमात बसत नाही' होतं, ते बसलं.

म्हणून एनओसीचा मसुदा आपणच वकिलाकडून करून द्या. बँकेवर सोडलात तर ठरावीक छापाचं पत्र हातात पडतं.

दुय्यम निबंधक कार्यालयाची मला उगीच धास्ती होती. माहिती आधी ऑनलाइन भरलेली, शुल्क ग्रासवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर, भरलेलं, दोन साक्षीदार आधार कार्डं घेऊन हजर. अंगठे, फोटो, सह्या, झालं. बक्षीसपत्रावर घेणाऱ्याने स्वीकारल्याचंही लिहावं लागतं. तिथे मी माझं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं.

मग बँकेत पूरक करारनामा, तारणाची नवी कागदपत्रं, हप्त्यासाठी नवीन मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी. यात विशेष काही नाही. फक्त जुनं मँडेट बंद झाल्याची खात्री करून घ्या, नाहीतर एका महिन्यात दोन खात्यांतून हप्ता जाऊ शकतो. नवऱ्याच्या कर्जाचा विमा फक्त त्याचा होता, माझ्यासाठी मी वेगळी टर्म पॉलिसी घेतली. हे कुणी आपणहून सांगत नाही.

सोसायटीचं काम सोपं झालं. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे हस्तांतरण असेल तर आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) प्रीमियम, म्हणजे हस्तांतरणासाठी सोसायटी घेते ती रक्कम, घेता येत नाही. कुणी मागितला तर उपविधी समोर ठेवा. शेअर सर्टिफिकेटच्या मागे नोंद करून घ्या. महापालिकेच्या मिळकतकराच्या नोंदीतही नाव लागतं, तेही त्याच सपाट्यात उरका.

कराचं बरेच जण विचारतात. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकी दोन लाखांपर्यंत वजावट दोघांना मिळू शकते, पण त्यासाठी मालक आणि कर्जदार दोन्ही असावं लागतं आणि हप्ता खरोखर भरलेला असावा लागतो. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. नवऱ्याकडून मिळालेल्या बक्षिसावर बायकोला कर लागत नाही, पण पुढे घर भाड्याने दिलं तर त्या हिश्श्याचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. आम्ही हे करासाठी केलेलं नाही, पण तुमचा हेतू तो असेल तर आधी सीएला विचारा.

आणि ज्यांचं घर अजून घ्यायचंय, त्यांनी दोघांची नावं पहिल्या करारनाम्यातच घाला. फक्त बायकांच्या नावे घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तिचाही विचार करा.

एक राहिलंच. बक्षीसपत्राचा मूळ दस्त बँकेत जमा करताना, बँकेकडे असलेल्या सगळ्या कागदांची यादी सहीशिक्क्यासह नव्याने मागून घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पण यादीत जो कागद नाही तो मागणार कसा? आमच्या जुन्या यादीत करारनामा होता, पावत्या होत्या. नव्या यादीत बक्षीसपत्र शेवटच्या ओळीत आहे. त्या यादीची झेरॉक्स आणि मोबाइलमधला फोटो, दोन्ही आम्ही जपून ठेवलंय.