सेटमधली दुसरी आणि तिसरी जोडी

स्कॉटिश कंट्री डान्स बघायला गेलात तर जी जोडी नाचतेय तिच्याकडे नाही, तिच्या आजूबाजूला जे उभे आहेत त्यांच्याकडे बघा, असं मी आता सगळ्यांना सांगत असते. मी एडिंबरात राहते, आमचा या नाचाचा क्लास एका चर्चच्या हॉलमध्ये भरतो, लाकडी जमीन, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली, आणि या शहरात मला आपली वाटणारी जवळजवळ सगळी माणसं याच हॉलमध्ये भेटलीत.

नाच कसा असतो ते आधी सांगते. साधारण चार जोड्यांचा एक सेट, दोन रांगा समोरासमोर. म्युझिकच्या बाजूला उभी असते ती पहिली जोडी. बऱ्याचशा नाचांत 32 बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) एक फेरी आणि अशा 8 फेऱ्या. पहिली जोडी एक फेरी नाचून दुसऱ्या जागेवर येते, तिथून खालच्या दोन जोड्यांबरोबर अजून एक फेरी करते, मग अगदी शेवटी जाऊन उभी राहते आणि आता वरची नवीन जोडी सुरू करते, म्हणजे 8 फेऱ्या संपेपर्यंत प्रत्येक जोडीला दोनदा मुख्य नाच मिळालेला असतो आणि बाकी बराचसा वेळ ती दुसऱ्यांच्या नाचात मदतीला असते. मला हा हिशोबच फार आवडतो. तुम्ही कितीही भारी नाचत असा, दोन फेऱ्या झाल्या की खाली जायचं, आणि कालच आलेला माणूसही पाळी आली की वर येतोच.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या जोडीला नुसतं उभं राहून चालत नाही हं! रील ऑफ थ्री असेल तर तीन माणसांनी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं एकमेकांच्या मधून जायचं असतं, एकाचं चुकलं की तिघांचं अडतं. मागच्या हिवाळ्यात एक नवीन विद्यार्थिनी आली होती, अगदी गप्प गप्प, एका जिगमध्ये, म्हणजे जलद चालीच्या नाचात, ती पहिल्या जोडीत होती आणि भर मध्यात येऊन थांबली, कुठल्या खांद्याने जायचं ते आठवेना. समोर तिसऱ्या जोडीतले उंच काका होते. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त तिच्या डोळ्यांत बघितलं, मान किंचित हलवली आणि उजवा हात कंबरेच्या उंचीवर, तळवा वर करून, ती पुढच्या ठेक्याला जिथे असायला हवी होती बरोब्बर तिथे धरला. ती त्या हाताकडे गेली. हात लागेपर्यंत ती परत नाचात होती, म्युझिक चालूच होतं, पलीकडच्या सेटला काही कळलंसुद्धा नाही.

आमच्या टीचर हे मुद्दाम शिकवतात. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, ओरडून सूचना द्यायच्या नाहीत, हात द्या आणि बघा. ओढलं की माणूस घाबरतो आणि त्याचा ताल जातो तो जातोच. आमच्याकडे एका आजोबांना आता कमी दिसतं, तर त्यांच्या समोर जो असेल तो हात थोडा आधीच पुढे करतो, कोणी कोणाला सांगितलेलं नाही, बघून बघून सगळे तसंच करायला लागलेत. मंगळागौरीच्या फुगडीत समोरचीचा तोल आपल्या हातात असतो ना, तसलीच जबाबदारी आहे ही, फक्त इथे समोरचा माणूस दर चार-आठ बारला बदलतो.

पार्टनर घेऊन यायची गरज नाही हेही फार मोठं आहे, एकटं राहणाऱ्यांसाठी तर खूपच. प्रत्येक नाचाला जोडी बदलायची ही रीतच आहे, कोणीही कोणालाही विचारावं, बायका पुरुषांच्या बाजूने कायम नाचत आल्यात कारण पुरुष कमीच असतात. ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत, लागोपाठ दोन नाच कोणी खुर्चीवर बसलेलं दिसलं की त्या थेट जाऊन हात पुढे करतात. स्ट्रॅथस्पे, म्हणजे आमचा संथ नाच, त्यांच्याबरोबर नाचायला मिळाला की मला माझे पाय हलके झाल्यासारखे वाटतात, खरंच.

हे सगळं टिकलं तेही माणसांनी जपलं म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर हे नाच विसरले जात होते, तेव्हा जीन मिलिगन आणि इझोबेल स्ट्यूअर्ट या दोघींनी पुढाकार घेऊन 1923 मध्ये ग्लासगोला हे नाच जपणारी सोसायटी काढली, तीच आज रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी, तिच्या शाखा जगभर आहेत.

पण मला सगळ्यात जास्त हलवून टाकते ती ‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’ या नाचाची गोष्ट. जून 1940 मध्ये फ्रान्समधे सां व्हालेरीला 51व्या हायलँड डिव्हिजनचे, म्हणजे ब्रिटिश लष्करातल्या स्कॉटिश तुकडीचे, हजारो सैनिक जर्मनांच्या हाती लागले. त्यातल्या काही अधिकाऱ्यांनी बव्हेरियातल्या लाउफेनच्या युद्धकैदी छावणीत हा नाच बसवला. उपासमार, घर लांब, कधी सुटणार माहीत नाही, आणि ही माणसं एकमेकांचे हात धरून रील बसवत होती! नाचात एका ठिकाणी चौघं हात धरून तिरकी रांग करतात, मग दुसऱ्या बाजूने तशीच तिरकी रांग, आणि दोन्ही मिळून सेंट अँड्र्यूचा क्रॉस होतो, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. ती रांग नीट व्हायची तर कोपऱ्यावरच्या दोघांनी हात वेळेवर द्यावाच लागतो. आमच्याकडे हा नाच लागला की हॉलमध्ये कोणी बसून राहत नाही, आणि त्या तिरक्या रांगेत उभं राहिलं की दोन्ही हातांची पकड नेहमीपेक्षा जरा घट्ट असते असं मला दर वेळी जाणवतं.

तुमच्यापैकी कोणी इथे शिकायला किंवा नोकरीला येणार असेल, तर नवीन क्लास बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. किल्ट, म्हणजे पुरुषांचा तो चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, लागत नाही. मऊ, सपाट तळव्याचे बूट, पाण्याची बाटली, बास. एकटेच या, दारातून आत आलात की दोन मिनिटांत कोणीतरी येऊन विचारेल, आणि नाही विचारलं तर मला शोधा, मी तिथेच असते.