सातवा शेरा

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी नियतकालिकाच्या संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या धूत होतो. पत्राची सुरुवात आभारांनी झाली होती आणि दुसऱ्या वाक्यात ‘हाउएव्हर’ दिसताच पुढचे कळून चुकले. याआधी एका नियतकालिकाने विहिरींच्या पाण्यावरचा माझा हाच शोधनिबंध परीक्षकांकडे, म्हणजे तो तपासणाऱ्या त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडे, न पाठवता चार दिवसांत परत केला होता, त्याचे फारसे काही वाटले नव्हते. या वेळी मात्र पाच महिने वाट पाहिली होती, आणि एक निबंध एका वेळी दोन ठिकाणी पाठवता येत नसल्यामुळे तेवढा काळ इतरत्र काही हालचालही करता आली नव्हती.

घरी सांगितले तेव्हा आईने “मग पुन्हा परीक्षा कधी?” असे विचारले. विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांचा दाखला दिला: पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात त्या रासायनिक क्रियांच्या ज्या चक्राच्या शोधासाठी त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यावरचे टिपण १९३७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने परत पाठवले होते. गोष्ट खरी आहे, पण तिचा मला काही उपयोग झाला नाही. क्रेब्ज यांना जागा नाही म्हणून नकार आला होता. मला दीड पानभर दोष आले होते.

मार्गदर्शक मॅडमनी एवढेच सांगितले, “आज संपादकांना काहीही लिहू नकोस.” त्या रात्री मी लिहून ठेवलेले उत्तर आठवड्याने वाचले, तेव्हा दुसऱ्या परीक्षकाला भूजलातले काही कळत नाही हे मी त्यात तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हटल्याचे आढळले. ते पुसून टाकले आणि परीक्षकांचे अठरा शेरे वहीत एकाखाली एक उतरवले. बहुतेक भाषेचे आणि आलेखांचे होते. एका ठिकाणी परीक्षकाने तक्ता नीट वाचला नव्हता, असे माझे आजही मत आहे. सातव्या शेऱ्यापाशी मात्र पेन थांबले.

माझा निबंध सिन्नर तालुक्यातील ४२ विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटवर, म्हणजे खतांतून किंवा शेण-मूत्रातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रोजनच्या क्षारावर होता. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडणाऱ्या विहिरींचे खापर मी सरसकट युरियावर फोडले होते. परीक्षकाने विचारले होते की सगळे नमुने पावसाळ्यानंतरचेच का, आणि विहिरींजवळ नायट्रेटचे दुसरे स्रोत आहेत का, हे लेखकाने पाहिले आहे का. पाहिले होते. माझ्या फील्डबुकात १९ क्रमांकाच्या विहिरीसमोर पेन्सिलीने ‘गोठा, १२ पावले’ असे लिहिलेले होते, आणखी नऊ विहिरींसमोर तशाच नोंदी होत्या, आणि त्यांतली एकही निबंधात आलेली नव्हती. शेण-मूत्र झिरपले की नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढते, नुसत्या युरियाने तसे होत नाही; क्लोराइडचे आकडे माझ्याकडे होते, पण ते दोन स्तंभ शेजारी ठेवून मी कधी पाहिलेच नव्हते. त्या दुपारी पाहिले. चिडण्यासारखे फारसे काही उरले नाही, फक्त लाज वाटली.

मे महिन्यात पुन्हा त्याच विहिरींवर गेलो. सात कोरड्या पडल्या होत्या, बाकीच्यांचे पाणी तळाला गेले होते. १९ क्रमांकाच्या विहिरीवर आजोबा म्हणाले, “परत आलात? मागच्या वेळचं पाणी सांडलं का?” मी “तसंच काहीसं” म्हणालो आणि बाटलीला दोर बांधला.

शीर्षकातून युरिया काढला, दोन्ही हंगामांचे आकडे घातले, गोठ्याच्या अंतराचा स्वतंत्र स्तंभ केला आणि सप्टेंबरमध्ये निबंध तिसऱ्या नियतकालिकाकडे पाठवला. जानेवारीत मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा सादर करण्याचे पत्र आले. पहिलाच शेरा होता: अंतर पावलांत चालणार नाही, मीटरमध्ये द्यावे. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मी सिन्नरची एसटी पकडली.